मऊ घास

कुकरचं झाकण उघडलं की वाफेचा असा लोट उठायचा, की हाताच्या अंतरावरचा माणूस दिसेनासा व्हायचा. रत्नपालच्या रानात सकाळपासून हळद शिजत होती. भाड्यानं आणलेला तो पिंपाएवढा कुकर उद्या दुसऱ्याच्या रानात जायचा होता, म्हणून घरातलं कोणी क्षणभर बूड टेकत नव्हतं. रत्नपाल जाळात पऱ्हाट्या सारत होता आणि त्याची बायको शीतल शिजलेले गड्डे ताडपत्रीवर पसरत होती. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते, बोटांची टोकं चरचरत होती.

"आत्या, तुमी बाभळीखाली बसा बरं," ती सासूला सकाळपासून सांगत होती.

"बसून काय करू? बसायला काय मला लकवा मारला?" सोजराबाई म्हणाली आणि तिनं एक पाटी उचललीच.

अख्खी जिंदगी लोकांच्या आणि आपल्या रानात पाट्या उचललेली ती बाई. तिला अडवणार कोण? ती दोन पावलं चालली न चालली तोच रत्नपालनं झाकण काढलं. पांढऱ्याशुभ्र वाफेनं सगळ्यांना गिळलं. वाफ विरळ झाली तेव्हा पाटी उपडी पडलेली होती, गड्डे विखुरले होते आणि त्यांच्यामध्ये सोजराबाई एका कुशीवर पडली होती. पडल्याचा आवाजसुद्धा कुणाला आला नव्हता.

"माय!" रत्नपाल काठी टाकून धावला. त्यानं तिच्या पाठीखाली हात घातला, मोठं ओझं उचलायच्या तयारीनं जोर लावला, आणि ती अशी झटक्यात वर आली की तोच मागं झोकांडला. सुगीतल्या कडब्याच्या पेंढीलाही याहून जास्त वजन असतं. तो तसाच उभा राहिला, मायला हातावर घेऊन.

"शीतल," तो म्हणाला, "ही एवढी हलकी कवा झाली गं?"

शीतल रोज सासूला बघत होती. रोज बघितलेल्या माणसाचं झिजणं दिसत नाही.

सरकारी दवाखान्यात बाकड्यावर बायांची रांग बसलेली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तरन्नुम त्यांचं नाव, बोलणं मोजकं. त्यांनी सोजराबाईच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, दंडाला टेप लावला, पोटऱ्या दाबून बघितल्या. मग काट्यावर उभं केलं. काटा चौतिसावर थरथरला आणि तिथंच थांबला.

"ताप नाही, शुगर नाही, छातीही बरी आहे. रक्त कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण खरं दुखणं वेगळंच आहे. यांच्या पोटात अन्न जात नाही. यांना घरात जेवायला कोण वाढतं?"

"मी," शीतल म्हणाली.

"काय वाढता?"

"आमी खातो तेच की. भाकर, भाजी, वरण."

"मग ते जातं कुठं?"

बाकड्यावरची एक बाई दुसरीच्या कानाशी लागली, पण इतक्या मोठ्यानं की औषध वाटणाऱ्या माणसालाही ऐकू जावं. "सून दिसती."

शीतलच्या कानशिलांत निखारे ठेवल्यासारखं झालं. तिचे हळदीचे हात, सकाळी विंचरायचे राहून गेलेले केस, खांद्यावर फाटलेला झंपर, सगळंच तिला लोकांच्या डोळ्यांनी दिसायला लागलं. ती सासूकडं बघत राहिली. म्हातारी आता बोलेल, म्हणेल की पोरगी रोज ताट भरून वाढती. पण सोजराबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

डॉक्टरीणबाईंच्या आवाजात राग नव्हता. "वय झालं की अंगातलं मांस झपाट्यानं जातं," त्या समजावत होत्या. "हातपाय लुळे पडतात, माणूस पडतो, हाड मोडतं, मग उठत नाही. डाळ द्या, अंडं द्या, दूध, शेंगदाणा. मऊ करून, थोडं थोडं, चार वेळा. पंधरा दिवसांनी आणा. वजन आणखी उतरलं तर हिंगोलीला भरती करावं लागेल."

भरती म्हटल्यावर सोजराबाईनं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या नवऱ्याला भरती केलं होतं, तो चादरीत गुंडाळून घरी आला होता.

परतीच्या ऑटोत शीतल फुटली. "बोलला का न्हाई तुमी? मुक्यावानी बसलात! चार बायांत माझी अब्रू गेली. मी उपाशी ठेवते व्हय तुमाला?"

"जाऊ दे की गं," रत्नपाल म्हणाला.

"काहून जाऊ दे? तुमाला कोणी इचारलं का, जेवायला कोण वाढतं म्हणून? पोरगा बाजूलाच उभा होता तिथं, पण त्याला कोण इचारतं!"

सोजराबाई सगळ्या वाटेनं बाहेर बघत बसली. अंगणाअंगणांत शिजलेली हळद वाळत पडली होती आणि सारं गाव पिवळं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शीतलनं पहाटे उठून दोन भाकरी जास्त थापल्या. वांग्याची भाजी केली, वरण केलं, ताट सासूच्या खाटेजवळ ठेवलं आणि सगळ्यांबरोबर रानाची वाट धरली. कयाधू नदीच्या उतारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"काय झालं?" रत्नपालनं विचारलं.

"इळा इसरले."

"तो काय तुझ्या हातात."

"मग दुसरं काय तरी इसरले असंल," ती म्हणाली आणि माघारी वळली.

घराच्या मागच्या बाजूनं ती आली, चपला हातात घेऊन. कुडाच्या फटीतून आत बघितलं. सोजराबाई खाटेवर बसली होती. समोर घरची बकरी, पुढचे दोन पाय खाटेवर ठेवून, अगदी पंगतीला बसल्यासारखी. म्हातारी भाकरीचा तुकडा मोडी, वरणात बुडवी, भाजीतली एक फोड त्यावर ठेवी आणि बकरीच्या तोंडात भरवी.

"खा माय, खा. सावकाश. कोणी न्हाई घरात."

ताट साफ झालं. मग सोजराबाईनं चुलीवरचा चहा कपात ओतला, डब्यातून एक टोस्ट काढला, तो चहात पार विरघळेपर्यंत बुडवला आणि चोखला. झालं तिचं जेवण.

"आत्या!"

बकरीनं खाटेवरून उडी मारली. तिच्या दाढीला वरण लागलेलं होतं. सोजराबाईच्या हातातला कप डचमळला आणि ती चोरी पकडलेल्या पोरीसारखी बसल्या जागी आकसली.

शीतल दारात उभी होती, छाती धपापत होती. काय बोलायचं ते ठरवूनच आली होती, पण तोंडातून निघालं भलतंच. "म्हणून ही बकरी ढोलावानी झाली! अन् मी म्हणते गाभण हाय, गाभण हाय! ह्यांना म्हणलं, यंदा दोन करडं होतील!"

सोजराबाईला हसू आलं. हसताना तिनं तोंडावर पदर धरला. शीतल पुढं झाली आणि तिनं तो पदर खाली ओढला.

"आ करा."

"काय?"

"आ करा म्हणते."

म्हातारीनं तोंड उघडलं. वर एकही दात नव्हता. खाली दोन होते, ते जिभेनंसुद्धा हलत होते, आणि त्यांच्या भोवतीची हिरडी लालभडक सुजली होती.

शीतल खाटेवर बसली. "कवापासून?"

"झालं की लई दिस. भाकर चावत न्हाई. वांग्याची साल टोचती. तिखट लागलं की डोळ्यात पाणी येतं."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तू पहाटं उठती. एवढ्या माणसाचं करती. मग रानात मरमर मरती. त्यात म्हातारीचं येगळं कर म्हणू? जिभेचे चोचले म्हणले असते लोक." तिनं कप खाली ठेवला. "अन् खरं सांगू का, भूकबी लागत न्हाई. तुमी सगळे गेल्यावर हे घर कसं भकास होतं. भिंतीकडं बघून घास उतरत न्हाई गं."

शेजारच्या कुडावरून एक डोकं वर आलं. खतीजाबीचं. सोजराबाईच्याच वयाची, पोरगा नासेर हिंगोलीत गॅरेज चालवतो, ही मात्र गाव सोडून जायला तयार नाही. "सुबू सुबू चिल्लाती कायकू गं सुनबाई? मला वाटलं साप निघाला."

"साप न्हाई, चाची. आमची आत्या बकरीला जेवू घालती अन् आपण टोस्ट खाऊन राहिली."

खतीजाबी हसेल असं शीतलला वाटलं. पण ती हसली नाही. कुडावर हनुवटी टेकून म्हणाली, "मग काय झालं? मीबी चाय-पावच खाती. एकल्या जीवासाठी कोण चूल पेटवते?"

शीतलनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. एका कुडाच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या, दोन कप चहा. तिच्या अंगात कालपासून जी आग पेटली होती तिला एकदम वाट सापडली.

"चाची, तुमची चूल बरी हाय का?"

"हौ. कायकू?"

"आजपासून ती दुपारची पेटन."

त्या दिवसापासून शीतल एखाद्या लग्नघरच्या बाईसारखी वावरू लागली. पहाटे डाळ आणि तांदूळ एकत्र रटरटा शिजवायची, पार गरगटा होईपर्यंत घोटायची, वर तूप सोडायची. शेंगदाणे भाजून, वाटून दुधात कालवायची. ज्वारीच्या कण्या रात्री भिजवून सकाळी ताकात शिजवायची. सगळं एका डब्यात भरून कुडावरून पलीकडं द्यायची आणि खतीजाबीला बजावायची, "दुपारी चुलीवर ऊन करायचं. दोघींनी एकत्र बसायचं. एकमेकीचं ताट बघायचं. अन् बकरी मी रानात घेऊन चालले."

पण पोट काही इतक्या सहज वळणावर येत नाही. पहिल्या दिवशी सोजराबाईनं चार घास खाल्ले आणि वाटी सरकवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एका दुपारी दूध-शेंगदाणा पोटात गेला आणि लगोलग सगळा उलटून पडला. शीतल रानातून आली तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, चेहरा राखेसारखा.

"नको तिच्या मागं लागू," रत्नपाल म्हणाला. "म्हातारपण हाय. उतरती कळा."

"उतरती कळा म्हणा अन् मोकळं व्हा," शीतल म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तापलेलाच होता. "टोस्ट खाऊन तुमची कळा किती दिस टिकंल ते सांगा."

दुसऱ्या दिवशी घरात एकदम काही सुचेना म्हणून तिनं कुळथाचं पीठ काढलं. त्यात लसूण-जिरं वाटून घातलं, पीठ मळलं आणि शेंगोळे वळायला बसली. घाईत वळलेले, कुठं जाड, कुठं बारीक. सोजराबाई खाटेवरून बघत होती. मग तिला राहवलं नाही.

"हे शेंगोळं हाय का बैलाचं दावं?"

"मला येतंय तसं करून राहिले."

"आण हिकडं."

परात खाटेजवळ आली. सोजराबाईनं हाताला तेल लावलं, पिठाची गोळी दोन तळव्यांत धरली आणि चोळली. तळव्यांना आपलं काम आठवत होतं. बारीक, एकसारखी दोरी खाली उतरत गेली, तिचं गोल वेटोळं झालं. एक झालं, दुसरं झालं. म्हातारीची जीभ ओठावर आली होती.

"आधणात एकदम टाकू नको. पाणी खदखदलं की एकेक सोड. अन् शिजू दे, पार मऊ होऊ दे. तुझी आत्या बोळकी हाय."

शीतल रानात गेली, पण तिचं लक्ष नव्हतं. ताडपत्रीवरची हळद उलथताना ती दहादा गावाकडं बघत होती. शेवटी उन्हं कलायच्या आधीच ती उठली आणि जवळजवळ पळतच घरी आली. खतीजाबीच्या अंगणात दोघी म्हाताऱ्या लिंबाखाली बसल्या होत्या. मध्ये पातेलं. शीतलनं त्यात वाकून बघितलं.

पातेलं रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे, बोटानं निपटून काढलेलं.

"चाची, तुमीच खाल्लं का सगळं?"

"मैं? तुझी सास मला हात लावू देईना! दोन वाट्या हाणल्या हिनं. वरून रस्सा पिली."

"उगी खोटं," सोजराबाई म्हणाली. "दीड वाटी."

"उलटलं न्हाई?"

"काहून उलटंल? म्या वळलेलं हाय ते."

शीतल जशी आली तशीच माघारी धावली. उतारावरूनच तिनं हाक मारली, दोन्ही हात वर करून, "अवो! खाल्लं! सगळं खाल्लं!" बाजूच्या रानातली माणसं दचकून उभी राहिली. त्यांना वाटलं, जनावर पिकात शिरलं. रत्नपालनं हातातलं फावडं टाकलं आणि तो इतका हसला, इतका हसला, की शेवटी त्याला खाली बसावं लागलं.

मग त्या अंगणाला रंग चढला. खतीजाबीनं कोंबडीची हाडं उकळून पातळ यखनी केली, त्यात पोळी कुस्करून दिली. आळीतला नरसिंग म्हातारा वास घेत कुडाशी आला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, सून पुण्यात. तो हातात स्वतःची ताटली घेऊनच उभा राहिला.

"मलाबी काय चावत न्हाई," तो ओशाळून म्हणाला. "पण फुकट खाणार न्हाई. माझ्या कोंबड्यांची अंडी आणत जाईन."

त्याची अंडी आली, कुणाच्या घरून ताक आलं, कुणी शेवग्याची भाजी चिरून दिली. तिघांची भांडणंही रोजची सुरू झाली, कोणाला अंड्याचा मोठा वाटा गेला यावरून. पंधरवड्यानं शीतलनं सासूला पुन्हा दवाखान्यात नेलं. काटा छत्तिसाच्या पुढं गेला. शीतल डॉक्टरीणबाईंकडं बघण्याआधी बाकड्याकडं वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाढलं बरं का, आमच्या आत्याचं वजन!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "भरतीचं आता नाव नको. काय खाऊ घातलंत?"

शीतलनं सगळं सांगितलं, बकरीसकट. त्यांनी ते मन लावून ऐकून घेतलं आणि विचारलं, "गावात असे आणखी किती असतील?"

तो प्रश्न शीतलच्या डोक्यात घोळत राहिला.

हळद वाळून खडखडीत झाली होती. आता ती घासायची होती. हळद घासायचा मोठा लोखंडी ढोल गावात होता तो प्रमोदच्या वाड्यासमोर. प्रमोद मोठा बागायतदार, दारात दोन ट्रॅक्टर, गोठ्यात म्हशी. रत्नपालनं तिथं हळद नेली. ढोल गरगर फिरत होता, आतली हळकुंडं घासून पिवळा धुरळा उडत होता, कानाला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. शीतल पाणी प्यायला ओसरीजवळ गेली.

ओसरीवर खाटेवर कोणीतरी पडलं होतं. आधी तिला नुसती गोधडीच वाटली. मग गोधडीतून एक हात बाहेर आला. मनगटावरची चांदीची पाटली कोपरापर्यंत घसरली होती. ती भागूबाई होती, प्रमोदची आई. एके काळी या बाईचा आवाज वेशीपर्यंत जायचा. खाटेखाली झाकलेलं ताट होतं, त्यात कडक झालेली भाकरी आणि तेलाची तर्री आलेली भाजी. उशाशी बिस्किटाचा पुडा.

"कोण? रत्नपालची का तू?" भागूबाईनं विचारलं. "सोजर हाय का अजून?"

"हाय की. शेंगोळं खाऊन रोज खतीजाबीसंगं भांडून राहिली."

"शेंगोळं," भागूबाई म्हणाली. तिच्या नुसत्या कातडीच्या गळ्यात काहीतरी हललं. तिनं आवंढा गिळला होता.

"चला की मग, उद्या दुपारी. हात धरून नेते."

मागून प्रमोदचा आवाज आला. "आमच्या मायला दुसऱ्याच्या दारी जेवायची पाळी आलेली न्हाई अजून." ढोलावरच्या गड्यांनी माना वळवल्या. "हळद झाली का तुमची? मग निघा."

शीतल पाणी न पिताच उतरली. घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. सोजराबाई ऐकत होती. भागूबाईच्या रानात तिनं तरुणपण घातलं होतं. त्या घरचं पाणी तिनं ओंजळीत, वरून ओतलेलं, प्यालं होतं. ते शीतलला माहीत होतं, म्हणून तिला वाटलं, आत्या म्हणेल, मरू दे तिकडं.

"मनगटावरची पाटली कोपरापर्यंत गेली म्हणतीस?" सोजराबाईनं विचारलं.

"व्हय."

"कुळथाचं पीठ काढ."

दुसऱ्या दिवशी दुपारी गावानं एक वरात बघितली. पुढं सोजराबाई, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फडक्यात बांधलेलं पातेलं. एका हातानं ते धरलेलं आणि दुसऱ्या हातात काठी. बाजूला खतीजाबी वाटी-चमचा घेऊन. मागं शीतल, पातेलं पडलं तर झेलायला हात पुढं करून. नरसिंग कोपऱ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "सोजरा, जाऊ नको. तो हाकलून देईल." सोजराबाई म्हणाली, "हाकलू दे. पायात जोर आलाय तर कुठं तरी चालू दे मला."

शीतलच्या छातीत ढोल वाजत होता. प्रमोदच्या दारातला ढोल तर खराच वाजत होता.

प्रमोद ओसरीच्या पायऱ्यांवर आडवा उभा राहिला. "सोजरामावशी, काल सुनबाईला सांगितलंय मी."

"ऐकलं. तुझी माय कुठं हाय?"

"मावशी, असं भर दिवसा पातेलं घेऊन आलात. लोक काय म्हणतील? प्रमोदनं मायला उपाशी ठेवलं? माझ्या घरात काय कमी हाय? दूध हाय, तूप हाय, बायको दोन टायमाला ताट वाढती."

त्याचा चेहरा लाल झाला होता, कानशिलं तापली होती. शीतलनं ते बघितलं आणि तिची भीती गेली. तो तापलेला चेहरा तिच्या ओळखीचा होता.

"दादा," ती म्हणाली, "मलाबी भर दवाखान्यात इचारलं, जेवायला कोण वाढतं. अंगाची लाही झाली माझ्या. मीबी ताट भरून वाढत व्हते. पण वाढलेलं पोटात जातं का, ते कधी बघितलंच न्हाई म्या. तुमी बघितलं का?"

प्रमोदची नजर खाटेखालच्या ताटाकडं गेली. ते आजही झाकलेलं होतं.

"परमोद," ओसरीवरून बारीक आवाज आला. "कोण हाय रं? लसणाचा वास येऊन राहिला."

"मी हाय. सोजर."

"मग खाली काय उभी? ये की वर."

सोजराबाईनं पायरीकडं बघितलं. इतक्या वर्षांत ती तिच्यावर कधी चढली नव्हती. खतीजाबीनं तिच्या पाठीत कोपर दिलं, "चल ना, थंडं होतं." प्रमोद बाजूला झाला. सोजराबाईनं काठी टेकवली, एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि ती ओसरीवर आली.

शीतलनं भागूबाईला उठवून आपल्या छातीशी टेकवलं. हाडं टोचत होती. सोजराबाईनं वाटीत शेंगोळे काढले, फुंकर घातली, चमच्यानं एक वेटोळं मोडलं आणि तिच्या ओठांशी नेलं. भागूबाईनं तोंडात घेतलं. हिरड्यांवर घोळवलं, डोळे मिटले, गिळलं. दुसरा घास. तिसरा. ढोलावरचे गडी काम सोडून बघायला लागले होते. प्रमोद श्वास धरून उभा होता.

चौथ्या घासाला भागूबाई थांबली. कपाळाला आठी पडली. तिनं हात वर केला. शीतलनं पदर तिच्या तोंडापुढं धरला. आता उलटतंय.

"मीठ कमी हाय," भागूबाई म्हणाली.

"आं?" सोजराबाईचा चमचा हवेतच राहिला. "गावभर डोक्यावर मिरवत आणलं, अन् ही मीठ काढून राहिली!"

"मला बीपी हाय ना," खतीजाबी घाईनं म्हणाली. "माझ्यामुळे हात राखून टाकती ती."

"तुझ्या बीपीपायी म्या काहून अळणी खाऊ?" भागूबाई म्हणाली. आवाज बारीकच होता, पण त्यातली जुनी धार शीतललासुद्धा कळली. "परमोद, मीठ आण."

प्रमोद आत गेला. त्याची बायको रानात होती. आतून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येत राहिले. शेवटी तो अख्खी बरणीच घेऊन बाहेर आला आणि ती कोणाच्या हातात द्यावी ते न कळून उभा राहिला. त्यानं झाकण काढलं आणि बरणी सोजराबाईपुढं धरली.

सोजराबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग दोन बोटं बरणीत घातली, चिमूट घेतली, वाटीत सोडली आणि ढवळलं.

"बघ आता."

भागूबाईनं घास घेतला. "हां. आता बराबर."

वाटी रिकामी झाली. तिनं ती खाली ठेवली नाही, तशीच पुढं केली.

"ढोल थांबवा रे!" प्रमोद एकदम अंगणाकडं बघून ओरडला. "माय काय म्हणती ते ऐकू येईना मला!"

ढोल घरघरत थांबला. धुरळा खाली बसला. ओसरीवर नुसता रस्सा भुरकल्याचा आवाज येत होता. प्रमोद बरणी घेऊन आईच्या खाटेशेजारी जमिनीवर बसला, आणि ती गिळते का ते बघत राहिला.